मराठी साहित्यातील आदिवासी आणि भट्टीची वाट

कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके मराठी लेखकांना पूर्वीपासून प्रिय आहेत. माथेरान, राजमाची, ढाक, कोथळीगड, इरशाळगड ही नावे आपल्या ललित लेखनात वारंवार येतात. मुंबईच्या लेखकाला सह्याद्रीचे पहिले दर्शन बहुधा याच बाजूने घडते. या डोंगरांच्या कुशीत ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्या आहेत. डोंगराबरोबर आदिवासीही साहित्यात आला तो असा. परंतु तो कोणत्या रूपात आला, आणि त्याच्या जीवनाचा कोणता भाग बाहेर राहिला, या प्रश्नाचा विचार व्हावा तितका झालेला नाही. कशेळे परिसरात वावरणाऱ्या माणसाला तो टाळता येत नाही. पुस्तकातला आदिवासी बारा महिने आपल्या डोंगरावर असतो. प्रत्यक्षातला आदिवासी, विशेषतः कातकरी, वर्षातील सहा-सात महिने तेथे नसतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. दिवाळी होते, भाताची कापणी आणि झोडणी आटोपते, आणि कातकरीवाड्या रिकाम्या होऊ लागतात. भांडीकुंडी, अंथरुणे, कोंबड्या आणि मुले यांच्यासह कुटुंबेच्या कुटुंबे ट्रक-टेम्पोत बसून वीटभट्ट्यांवर जातात. काही भट्ट्या याच तालुक्यांत आहेत. काही पनवेल, कल्याण, भिवंडीकडे. माती भिजवायची, मळायची, साच्यात घालून विटा पाडायच्या, वाळवायच्या, भट्टी रचायची, हे काम पहिल्या पावसापर्यंत चालते. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने असते आणि ती एका माणसाची नसून नवरा-बायकोच्या जोडीची असते. मुलेही हात लावतात, पण त्यांचा हिशेब कोठेच लिहिला जात नाही. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, भट्टीचा शेठ किंवा त्याचा मुकादम पैसे देऊन जातो. हा बयाणा. भट्टीवर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते आणि खरा हिशेब हंगाम संपताना होतो. बयाणा फिटला तर थोडे पैसे हातात पडतात. फिटला नाही, तर पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जाणे आले. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. वेठीच्या कर्जाची फेड त्याने बेकायदा ठरविली. तरीही बयाण्याची ही रीत अनेक ठिकाणी चालूच राहिली.

कातकरी समाज मुळात असा भटका नव्हता. खैराच्या झाडापासून कात काढणारा म्हणून त्याला कातकरी किंवा काथोडी हे नाव पडले. इंग्रजी राजवटीत जंगल सरकारी झाले, १८७८ च्या कायद्याने त्यावर कुंपण पडले आणि काताचा धंदा हातून गेला. त्यानंतर आला कोळशाच्या भट्टीचा काळ आणि मग विटांच्या भट्टीचा. आज महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना शासन विशेष दुर्बल मानते, त्या म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. हा काही मूठभर लोकांचा प्रश्न नव्हे.

आता साहित्याकडे वळू. या परिसरावर सर्वांत मोठे ऋण गो. नी. दांडेकर यांचे आहे. त्यांच्या 'माचीवरला बुधा' या कादंबरीची भूमी राजमाची होय. कर्जतच्या बाजूने कोंढाण्याच्या लेण्यांवरून जी वाट चढते, ती तेथेच पोहोचते. मुंबईत दिवस काढलेला बुधा आपल्या माचीवर परत येतो आणि झाडे, पाखरे, जनावरे यांच्या संगतीत राहतो, एवढेच या कादंबरीचे कथानक. परंतु त्या साध्या कथानकातून परतण्याची ओढ लेखकाने अशी उभी केली आहे की, शहरात जन्म गेलेल्या वाचकालाही आपली एखादी हरवलेली माची आठवावी. भाषा तेथल्या मातीची आहे. निसर्ग केवळ वर्णनापुरता येत नाही, तो बुधाचा सोबती होऊन येतो.

तथापि या कादंबरीत आहे ते परतणे आहे. जाणे तिच्या आधी घडून गेलेले आहे. बुधा परततो तो स्वेच्छेने आणि कायमचा. कातकरी परततो तो पावसाने भट्टी थांबते म्हणून, आणि दिवाळीनंतर पुन्हा निघतो तो बयाणा घेतला आहे म्हणून. बुधाच्या परतण्यात जी शांती आहे, ती या परतण्यात असू शकत नाही.

'जैत रे जैत' ही दांडेकरांची कादंबरी १९६५ सालची. कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांची ती कथा आहे. मधमाशीच्या दंशाने डोळा गमावलेला नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरील पोळ्यांशी वैर धरतो आणि नाकर्त्या नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याची साथ करते. नाग्या जिंकतो, पण चिंधी जाते. जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये या कथेवर चित्रपट केला. ना. धों. महानोरांची गीते, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांचा अभिनय यांमुळे ठाकरवाडी मराठी घराघरांत पोहोचली. आदिवासी स्त्रीचे स्वातंत्र्य आणि आदिवासी पुरुषाची जिद्द या दोन्ही गोष्टी दयेची छटा न येऊ देता दाखविणारी ही कथा आहे. आदिवासी म्हणजे बिचारा, ही कल्पना तिने मोडली. हे श्रेय लहान नाही.

परंतु त्याच यशामुळे वाचकाच्या मनात एक चित्र कायम झाले. आदिवासी म्हटला की ढोल, डोंगर, देव आणि मध. नाग्याचे वैर डोंगराशी आहे, माशीशी आहे, अखेर देवाशीही आहे. त्यात मुकादम नाही, बयाणा नाही. यावर कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे पाहणी-अहवाल नव्हे. लेखकाने आपला विषय निवडावा, टीकाकाराने दुसरा विषय का मागावा? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हा दोष मी दांडेकरांना देत नाही. त्यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले, आणि शिवाय ठाकर आणि कातकरी हे दोन वेगळे समाज आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. माझे म्हणणे त्यांच्यानंतरच्या आपणां सर्वांविषयी आहे. 'जैत रे जैत'ला साठ वर्षे झाली. या काळात भट्टीवरच्या कुटुंबाची, तिच्याइतकी घराघरांत पोहोचलेली एकही कथा मराठीत झालेली नाही. डोंगरावरचा माणूस आपल्याला आवडला. तो खाली उतरून ट्रकमध्ये बसला, तेव्हा आपण पान मिटले.

आदिवासींच्या बाजूने उभे राहून लिहिण्याची परंपरा मराठीत नाही असे मात्र नाही. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० चे. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला लाभला. १९४५ मध्ये डहाणू, तलासरी, उंबरगाव भागांतील वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध जो लढा दिला, त्याची ही हकिगत आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराच्या घरी राबणारा तो लग्नगडी. बयाण्याची पाळेमुळे शोधणाऱ्याने हे पुस्तक आधी वाचावे. लेखिकेची राजकीय निष्ठा आपल्यापैकी अनेकांना मान्य होणारी नाही. परंतु साहित्यगुण म्हणून एक गोष्ट मान्य करावी लागेल. आपण यांना जागे केले, असा सूर या पुस्तकात प्रधान नाही. भीती कशी एकेका माणसाच्या मनातून उतरत गेली, याचे ते वर्णन आहे. वकिली करणाऱ्याचा आवाज अशिलाच्या आवाजावर चढला की लेखन प्रचारकी होते. येथे तो तोल बहुतांशी सांभाळला आहे.

अलीकडच्या काळात कातकऱ्यांविषयी खरे महत्त्वाचे लेखन झाले ते समाजशास्त्रात. 'शाळा' या कादंबरीचे लेखक मिलिंद बोकील यांचे 'कातकरी : विकास की विस्थापन?' हे पुस्तक त्यांपैकी एक. त्याच्या नावातच प्रश्न आहे, आणि तो प्रश्न एका कथाकाराला कादंबरीऐवजी अभ्यासग्रंथात मांडावासा वाटला, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते. दुसरे पुस्तक थेट आमच्या कशेळ्याशी निगडित आहे. येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासींमध्ये धान्यबँकांचे काम केले. याच तालुक्यात भाई कोतवालांनी स्वातंत्र्यापूर्वी धान्यकोठ्या आणि शाळा उभ्या केल्या होत्या. सावकाराच्या दारी न जाता पावसाळा निभावता यावा, हाच दोन्ही कामांचा हेतू. बयाणा पावसाळ्यातील उपासमारीतून जन्मतो, हे ज्यांना कळले त्यांनी धान्यापासून सुरुवात केली. या संस्थेचे राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांनी 'फायटिंग इव्हिक्शन' हा इंग्रजी ग्रंथ सहकाऱ्यांसमवेत लिहिला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक कातकरीवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत, मुंबई जवळ सरकत आली तसे जमिनीचे भाव वाढले, कुंपणे पडू लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घराखालची जमीन आपली नाही हे कातकऱ्यांना कळले, हा त्याचा विषय. गावठाण मागण्यासाठी वाडीतल्या लोकांनीच माहिती गोळा करावी, नकाशे करावेत, अर्ज करावेत, अशी या कामाची पद्धत होती.

या ग्रंथाचे मोल साहित्याच्या दृष्टीनेही आहे. जो सहा महिने बाहेर असतो, त्याचा आपल्या घरावरचा हक्क दुबळा होतो, ही साधी गोष्ट त्यातून उमगते. रेशन, शाळेची हजेरी, सरकारी पाहणी, सर्व ठिकाणी तो गैरहजर. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने दुर्बल आदिवासी जमातींसाठी 'पीएम जनमन' योजना सुरू केली. तीत पक्क्या घरांची तरतूद आहे. पण घर बांधायचे तर खाली जमीन लागते. इतरांच्या घरांसाठी विटा पाडणाऱ्याला स्वतःच्या घरासाठी जागा नसावी, याहून मोठा कादंबरीचा विषय मराठी लेखकाला आणखी कोणता हवा?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता म्हणून मृत मानले गेले. त्या दिवसांत बेपत्तांचा आकडा सतत बदलत होता, कारण त्या रात्री वाडीत कोण होते, कोण कामावर होते आणि कोणती मुले आश्रमशाळेत होती, हे जुळविण्यास वेळ लागला. आपण ज्या वाडीला भूदृश्य म्हणून पाहत होतो, तिच्यातली माणसे आपण मोजलेली नव्हती.

आता थोडे बाहेरच्या जगाकडे पाहू. मेक्सिकोतून आलेले आणि अमेरिकेतील शेतांवर हंगामी मजुरी करणारे लोक आणि आपले कातकरी यांच्या जीवनात विलक्षण साम्य आहे. तोच ट्रक, तोच मुकादम, शाळेतून तीच तुटलेली मुले. परंतु त्यांच्यातून टोमास रिव्हेरा नावाचा लेखक निपजला. १९३५ मध्ये टेक्सासमधील क्रिस्टल सिटी येथे मजुराच्या घरी तो जन्मला आणि १९७१ मध्ये त्याची स्पॅनिश कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या नावाचा अर्थ 'आणि जमिनीने त्याला गिळले नाही' असा होतो. ती छोटी आहे, तुकड्यातुकड्यांनी लिहिलेली आहे. एका प्रकरणात मजुरांनी भरलेला ट्रक वाटेत बंद पडतो आणि अंधारात उभ्या माणसांच्या मनातले विचार एकामागून एक आपल्या कानी पडतात. पोहोचल्यावर काय करायचे, हेच सारे मनात घोळवीत असतात. सतत पोहोचणाऱ्याला पोहोचणे कधीच लाभत नाही, हे लेखक बोलून दाखवीत नाही. ट्रकमधली माणसेच ते दाखवून जातात.

श्रद्धावंत वाचकाला ही कादंबरी सोपी जाणार नाही. उन्हाने वडील आणि धाकटा भाऊ आजारी पडल्यावर त्यातला मुलगा देवाला शिव्या देतो, आणि जमीन त्याला गिळत नाही. याला नास्तिकता म्हणून पुस्तक बाजूला ठेवणे सोपे आहे. परंतु ईयोबाचे पुस्तक पवित्र शास्त्रात ठेवणाऱ्या ख्रिस्तसभेने असे करू नये. देवापाशी तक्रार करणारा अजून देवाशी बोलत असतो.

याच कादंबरीत एक धर्मगुरूही आहे. मजूर उत्तरेकडे निघण्यापूर्वी तो त्यांच्या गाड्यांना आशीर्वाद देतो आणि प्रत्येक गाडीमागे पाच डॉलर घेतो. जमलेल्या पैशांतून तो स्पेनला जाऊन येतो आणि तेथील एका आधुनिक चर्चची चित्रे आणून दाराशी लावतो. लोकांनाही तसे चर्च हवेसे वाटावे, हा हेतू. थोड्याच दिवसांत त्या चित्रांवर रेघोट्या आणि अक्षरे उमटतात. असे का व्हावे, हे धर्मगुरूला कळत नाही. अवघ्या काही ओळींचा हा प्रसंग प्रत्येक गुरुविद्यालयात वाचून दाखवावा, असे मला वाटते. लेखकाने धर्मगुरूला दुष्ट रंगविलेले नाही. तो आशीर्वाद देतो, पण गाडी कोठे आणि कशासाठी चालली आहे, हे विचारीत नाही.

दुसरी बाजूही त्याच इतिहासात आहे. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील डिलेनो येथे द्राक्षमळ्यांवरील मजुरांचा संप झाला. फिलिपिनो मजुरांनी तो सुरू केला आणि सीझर चावेझ यांची संघटना त्यात सामील झाली. १९६६ च्या प्रायश्चित्तकाळात मजूर ग्वादालुपे मातेची पताका घेऊन सॅक्रमेंटोला पायी गेले आणि पुनरुत्थानाच्या रविवारी पोहोचले. पुढे बिशपांच्या समितीने मध्यस्थी केली आणि १९७० मध्ये मळेवाल्यांशी करार झाले. याच संपात लुईस व्हाल्डेझ यांनी मजुरांची नाटक मंडळी उभी केली. ट्रकचा मागचा भाग हाच त्यांचा रंगमंच. आधार, हक्काची मागणी आणि साहित्य या तीन गोष्टी तेथे एकमेकींपासून वेगळ्या राहिल्या नाहीत.

आपल्याकडेही आतून आलेले लेखन आहे. पोटासाठी गाढवांवर बिऱ्हाड लादून हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबाची कहाणी लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये 'उपरा'त सांगितली. भिल्ल समाजातील कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत, आदिवासींचे दुःख मंचावरून दुसरेच सांगतात आणि आदिवासी खाली बसून ऐकतो, या विपरीताकडे बोट दाखविले. वकिली करणाऱ्या प्रत्येकाने, त्यात धर्मगुरूही आले, ही कविता समोर ठेवावी. भट्टीवरच्या कातकऱ्याचा 'उपरा' अजून यायचा आहे. तो यायचा तर त्याला आधी अक्षर मिळाले पाहिजे. वसईच्या बाजूला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वेठबिगारांच्या मुक्तीबरोबर भट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या, त्यांचे महत्त्व या दृष्टीनेही आहे. उलट २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले थोड्या पैशांच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबावयास धाडल्याचे उघडकीस आले आणि त्यांतील एका मुलीचा मृत्यू झाला. जी मुले लिहू शकली असती, त्यांची ही गत आहे.

आपल्या ख्रिस्ती नियतकालिकांतील लेखनाकडेही याच कसोटीने पाहावयास हवे. नाताळ अंकांत आदिवासी मूल येते ते बहुधा थंडीत कुडकुडणारे, आणि कथेच्या शेवटी त्याला एक स्वेटर मिळतो. लिहिणाऱ्याचा भाव शुद्ध असतो. पण त्या मुलाचे आईबाप कोठे आहेत, डिसेंबरात ते मूल वाडीवर एकटे का आहे, हे कथेत विचारले जात नाही. डिसेंबर हा तर भट्टीचा ऐन हंगाम. एवढा एक प्रश्न लेखकाने स्वतःला विचारला असता, तर स्वेटरची कथा बयाण्याची कथा झाली असती.

वस्तुतः या विषयासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. निर्गमाच्या पुस्तकात इस्राएल लोकांची गुलामी कशी वर्णिली आहे? ते फारोसाठी विटा पाडतात. पेंढा देणे बंद होते, पण विटांची संख्या कमी होत नाही; मुकादम मार खातात आणि लोकांवर ओरडतात. देवाने ज्यांचा आक्रोश ऐकला, ते वीटमजूर होते. आपण हा पाठ पुनरुत्थानाच्या तयारीत दरवर्षी आठवतो, आणि भट्टीचा हंगामही त्याच सुमारास भरात असतो. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, हा अनुवादातील नियम आणि अडविलेली मजुरी देवाकडे ओरडते, हा याकोबाच्या पत्रातील इशारा कापणीच्या मजुरांइतकाच विटा पाडणाऱ्यांनाही लागू आहे.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे घरे बांधतात, चर्चची सभागृहे बांधली जातात. विटा कोणत्या भट्टीवरून येतात, तेथील जोडीला हजारी काय मिळते, हिशेब कागदावर होतो की नाही, मुले कोठे शिकतात, एवढे चार प्रश्न बांधकामाचा दर ठरविताना विचारता येतील. आणि ज्यांच्या हाती लेखणी आहे त्यांनी एखाद्या हंगामात भट्टीवर जाऊन बसावे, आधी ऐकावे, मग लिहावे. शक्य असेल तेथे कातकरी मुलामुलींनाच लिहिते करावे आणि ते लेखन या त्रैमासिकाने छापावे. भाषा अशुद्ध वाटली तरी ती सुधारण्याची घाई करू नये. दांडेकरांनी डोंगराची भाषा मराठीत आणली. भट्टीची भाषा ज्यांच्या तोंडी आहे, ते अजून वाट पाहत आहेत.